तिसाव्या अंशावरची खाच

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीत पट्टीखाली दबलेला, चिरा गेलेला, प्लास्टिकचा जो असतो तो माझा पुतण्या. मी फळ्यावरचा. दोन हात रुंद, अर्धगोल, पाठीवर मूठ असलेला. मला भिंतीवर खिळ्याला टांगतात आणि मला तोंड नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी हकिकत या एका उणिवेभोवती फिरते. माझ्यामुळे एक बाई आपल्या वर्गात परत जाऊ शकल्या नाहीत. मी तिथेच होतो, सगळे पाहत होतो आणि खरे उत्तर मला माहीत होते. पण कोनमापकाला माहीत असून काय उपयोग? कोणीतरी त्याला विचारावे लागते.

शाळेची दारे बनवताना एक फळी उरली, तिच्यातून माझा जन्म झाला. सुताराने मला कानशीने घासून गोल केले आणि अंश रंगवायला पाट्या रंगवणाऱ्याकडे दिले. तो दुकानांची नावे लिहिणारा माणूस. आकडे मांडता मांडता थबकला.

"दोन्हीकडं शून्य?"

"दोन्हीकडं," सुतार म्हणाला. "डावीकडून मोजा नाहीतर उजवीकडून."

"म्हणजे एकाच रेघेवर तीस पण आणि दीडशे पण? मग खरं कुठलं?"

"ज्याला जे सोईचं ते."

"लाकूड निवडणुकीला उभं करा," तो म्हणाला आणि पुढे रंगवू लागला.

मला तेव्हा वाईट वाटले. आता वाटत नाही. माणसे माझ्याकडे पाहतात ती मोजायला कमी, आणि आपल्याला जे ठाऊकच आहे त्यावर शिक्का मारून घ्यायला जास्त. पण हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

शाळेत मी भूमितीच्या बाईंच्या ताब्यात गेलो. बाई उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र दोन वर्ग पलीकडे ऐकू जाणाऱ्या. मला खिळ्यावरून काढायला त्यांना टाचा उंचवाव्या लागत. पण हे काम त्यांनी कधी दुसऱ्याला सांगितले नाही. दरवर्षी नव्या वर्गाला त्या ग्रीक अक्षरांची ओळख करून देत, आणि तो तास मला फार आवडे.

"बिंदूंना आपण मोठी अक्षरं वाटली," त्या म्हणत. "बाजूंना छोटी वाटली. कोन येईपर्यंत पंगत उठली, पातेलं रिकामं! मग काय करायचं? शेजारी जायचं. शेजारी कोण? ग्रीक. त्यांच्याकडून वाटीभर अक्षरं आणली."

मग फळ्यावर एकेक पाहुणा उतरे. अल्फा. हे अक्षर फार पूर्वी बैलाच्या डोक्याचे चित्र होते, शिंगांसकट. ते लवंडत लवंडत असे आडवे झाले. बीटा, दोन पोटांची. डेल्टा म्हणजे दाराचे चित्र, म्हणून मोठा डेल्टा अजून त्रिकोणी. मोठा गॅमा तर सरळ सुताराचा गुण्याच, काटकोन स्वतःच्या अंगावर घेऊन फिरणारा. "आणि हा थीटा," बाई गोल काढून त्याच्या पोटावर आडवी रेघ ओढत, "जेवण झाल्यावर पट्टा आवळलेला." वर्ग हसे. दरवर्षी त्याच जागी, आणि दरवर्षी मनापासून.

"अल्फा, बीटा, गॅमा हे त्रिकोणातले भाऊ, यांची बेरीज ठरलेली. थीटा मात्र एकटा. त्याचं माप ठरलेलं नाही. थीटा म्हणजे कोणताही कोन. कितीही! काय?"

"कोणताही कोन!" वर्ग ओरडे.

आता खाचेविषयी सांगतो.

पहिल्याच वर्षी खिळा सैल झाला आणि मी फळ्याखालच्या ओट्याच्या कडेवर पडलो. माझ्या गोल काठाचा हरभऱ्याएवढा टवका उडाला, नेमका तिसाव्या अंशावर. सुतार जवळच खिडक्या दुरुस्त करत होता. तो भुसा आणि सरस घेऊन आला.

"बुजवून देऊ का बाई? दोन मिनिटांचं काम."

बाईंनी खडू त्या खाचेत टेकवून पाहिला. खडू टुणकन बसला, जसा काही घरी आला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "खडू सरकत नाही, बरं पडतं."

सुताराने भुसा खिशात टाकला आणि तो निघून गेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती दोन मिनिटे मी आजही मोजतो.

त्यानंतर तेवीस वर्षे बाई वर्गाकडे तोंड करून म्हणत राहिल्या, "थीटा म्हणजे कोणताही कोन," आणि फळ्याकडे वळून म्हणत, "समजा, हा थीटा." खडू घसरत घसरत येई आणि खाचेत बसे. तीस. दरवेळी तीस. त्यांना ते कळत नव्हते. त्यांचे तोंड खरे सांगत होते आणि हात स्वतःच्या सोयीने चालत होता. तेवीस वर्षांत थीटा एकदाही पंचेचाळीसचा झाला नाही. मुले कान बंद ठेवून डोळ्यांनी लिहून घेतात, हे तुम्हाला मी काय सांगायचे? तुम्हीही तेच करता. चाचणीत कोणी थीटाचे माप न मोजता थेट उत्तर लिहिले तरी ते बरोबरच येई, कारण प्रश्नपत्रिकेतली आकृतीही बाई माझ्याच काठाने काढत.

एकदा, फक्त एकदा, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला होता.

"बाई, थीटा कायम एवढाच का असतो?"

"एवढाच नसतो ग. कितीही असू शकतो."

"मग एकदा दुसरा दाखवा ना."

बाईंनी मला हातात घेतले. माझा जीव, म्हणजे जे काही लाकडात असते ते, काठाशी गोळा झाला. आणि घंटा वाजली. पुढच्या तासाला इतिहास होता. त्या दिवशी राजे-महाराजांच्या सनावळीपुढे माझी काय कथा!

बाईंच्या वर्गात एक मुलगा होता. इतका ताठ बसे की सगळे त्याला काटकोन म्हणत. इतर विषयांत त्याची दांडी उडे, भूमितीत मात्र पहिला. "बाईंनी शिकवलं ते मी झोपेतही सांगेन," असे तो म्हणे, आणि ते खरे होते. पुढे तो वेल्डर झाला. शाळेसमोरच त्याने वर्कशॉप टाकले. खिडक्यांच्या जाळ्या, जिने, टेम्पोत मोटारसायकल चढवायच्या फळ्या, सगळे करी. काम घेऊन आलेल्या माणसाला तो हटकून सांगे, "समोरच्या शाळेतल्या बाईंच्या हातचा आहे मी. माप चुकणार नाही."

माझे कौतुकाचे दिवस ते एवढेच. बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी फळ्याच्या जागी विजेवर चालणारा पडदा आला. त्यावर बोट टेकवले की हवा तो कोन हवा तसा उमटतो. माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. तिथल्या खिडकीची कडी मोडली होती, म्हणून शिपाईमामांनी तिच्या फटीत मला अडकवले. सहा वर्षे मी वारा अडवला. पाऊस आला की माझा खाचेकडचा भाग भिजे. तक्रार नाही, निदान कोणाला चुकीचे काही शिकवत नव्हतो.

सहाव्या वर्षी हिवाळ्यात शाळेतले भूमितीचे शिक्षक बदली होऊन गेले. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर. मुख्याध्यापकांनी बाईंना फोन केला, "दोन महिने तेवढे सांभाळा."

हे मला कळले ते बाईंच्या लेकीमुळे. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करते. पायऱ्यांचे माप घ्यायला आली आणि टेप मागायला सामानाच्या खोलीत शिरली.

"आई पडल्यापासून खुर्चीतच आहे, मामा," ती शिपाईमामांना सांगत होती. "चाकांच्या. दिवसभर खिडकीत बसते आणि समोरच्या छपराचे कोन मोजते. बोलणंसुद्धा कमी केलंय. परवा फोन आला आणि संध्याकाळी मला म्हणाली, माझी निळी साडी इस्त्रीला टाक."

"टाकली का?"

"टाकली. पण इथं शाळेच्या दारात पाच पायऱ्या आहेत ना."

"आपण चौघं उचलू की ग. बाईंचं वजन ते काय!"

"नको म्हणते. म्हणते, एक दिवस उचलाल, रोज कोण उचलणार? आणि वर्गात मी माझ्या मी जाणार. पाय नसतील तर चाकं, पण माझी."

तेव्हा पायऱ्यांवरून उतार करायचे ठरले. काटकोनाच्या कानावर गेले आणि तो हातातले काम टाकून धावत आला. "बाईंसाठी? दुसऱ्या कुणी हात लावला तर बघा!"

लेकीने नकाशा काढला. तिच्या कचेरीची पद्धत अशी की आकृतीत नुसते अक्षर घालायचे आणि त्याचे माप खाली कोपऱ्यातल्या तक्त्यात लिहायचे. तिने उताराच्या पायथ्याशी सुबक थीटा काढला आणि कोपऱ्यात लिहिले: थीटा बरोबर पाच अंश. लांबी जागेवर काढून घ्यावी. एक सांगायला हवे, ती आपल्या आईच्या हाताखाली कधी शिकली नव्हती. घरचे पोर आपल्या वर्गात नको म्हणून बाईंनी तिला मुद्दाम ब तुकडीत घातले होते. त्यामुळे तिच्यासाठी थीटा हा खरोखरच कोणताही कोन होता.

काटकोन नकाशा घेऊन शाळेत आला आणि मामांना म्हणाला, "मामा, बाईंचा तो मोठा कोनमापक आहे का अजून? बाईंचं काम बाईंच्याच मापानं करणार."

मला फटीतून ओढून काढले. त्याने मला स्वतःच्या बाहीने पुसले. सहा वर्षांनी कोणीतरी माझे आकडे वाचत होते. मला भरून आले हे लपवत नाही.

मग त्याने नकाशा जमिनीवर पसरला आणि मला शेजारी ठेवले. कोपरा माझ्यापासून वीतभर होता. थीटा बरोबर पाच अंश. स्पष्ट, ठळक अक्षरांत. लेकीचा फोन आला.

"दादा, सगळं समजलं ना?"

"ताई, थीटा लिहिलंय ना तुम्ही? मग आणखी काय समजायचं?"

कोपऱ्याकडे त्याची नजर गेलीसुद्धा नाही. ज्याचे उत्तर पाठ आहे त्याने तक्ता कशाला वाचायचा? तुम्ही 'शाळा' हा शब्द दिसला की कोश उघडता का?

"पाच पायऱ्या म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटर उंची," तो पुटपुटला. "थीटा तीस. साईन तीस म्हणजे एक भागिले दोन. उताराची लांबी दीड मीटर. संपलं!" बघा, मित्रांनो, एकही पायरी चुकली नाही. गणित असे सुरेख की त्याची दृष्ट काढावी. फक्त ते दुसऱ्याच कोनाचे होते. पाच अंशांना साडेआठ मीटर लागतात. साडेआठ आणि दीड यांत फरक आहे, हे मी माझ्या परीने सांगायचा प्रयत्न केला. म्हणजे काय केले? पडून राहिलो. मला दुसरे काही येत नाही.

त्याने पत्रा कापला, खाली लोखंडी अँगल लावले, आणि पायथ्याशी मला टेकवून खडूने खूण केली. खडू घरंगळत खाचेत येऊन बसला.

"वा!" काटकोन म्हणाला. "अजून तस्संच."

उतार उभा राहिला तेव्हा शिपाईमामा मान वाकडी करून बघत होते.

"घसरगुंडी दिसतेय रे."

"मामा, तुम्ही घंटा बघा, भूमिती मी बघतो."

"अरे पण खुर्ची चढेल का हिच्यावर?"

"याच्यावरून मोटारसायकली चढवतो मी, मामा. आणि नकाशा कुणाचा? बाईंच्या लेकीचा. कोन कुणाचा? बाईंचा. मी मध्ये नुसता हमाल."

 मामांना शून्य भूमिती येत होती आणि त्या अंगणात बरोबर फक्त तेच होते.

सोमवारी सकाळी बाई आल्या. निळी साडी, मांडीवर खडूची नवी पेटी. लेक खुर्ची ढकलत होती. वर्ग दारात रांगेने उभा. काटकोन इस्त्रीच्या शर्टात, मला छातीशी धरून. उताराला त्याने रंगही दिला होता, निळाच. रंगाची निवड योगायोगाची नव्हती. मामांकडून साडीचे ऐकले होते त्याने.

लेकीचे पाय फाटकातच थांबले.

"दादा, हे काय?"

"उतार, ताई."

"हा उतार आहे? हा चढ आहे! किती कोन ठेवलात?"

"थीटा."

"थीटा पाच आहे!"

काटकोन आधी हसला. त्याला वाटले, ताई थट्टा करते आहे. मग त्याचा चेहरा बदलला. पण अपराधी झाला नाही, दुखावला गेला. "थीटा पाच कसा असेल, ताई? थीटा तीस असतो. बाईंनीच शिकवलंय. बाई, सांगा ना यांना."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिले. बाई उताराकडे पाहत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि काटकोनाने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांची बोटे आता बारीक झाली होती, थरथरत होती. ती माझ्या काठावरून फिरत फिरत आली आणि अंगठा खाचेत बसला. कोणाला दाखवावी लागली नाही. 

"मी वर्गात काय सांगत होते रे थीटाबद्दल?" त्यांनी हळूच विचारले. तो आवाज दोन वर्ग पलीकडे जाणारा नव्हता.

"कोणताही कोन," काटकोन लगेच म्हणाला. "कितीही." आणि थांबला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. "मग... बाई, मग माझं चुकलं कुठं?"

"तुझं गणित बरोबर आहे. मी तपासलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते." त्यांनी अंगठा उचलला आणि खाचेकडे बोट केले. "चुकलं ते इथं."

तो रडू लागला. एवढा दांडगा माणूस, इस्त्रीच्या शर्टात. बाई म्हणाल्या, "अरे, पुस ते डोळे. खडू दे इकडं. आत जाता येत नाही तर नाही, एक आकृती तरी दुरुस्त करून जाते."

त्यांनी खुर्ची उताराच्या अगदी पायथ्याशी घ्यायला लावली, मला निळ्या पत्र्यावर टेकवले. मुले पुढे सरकली. "लिहून घेऊ नका," बाई म्हणाल्या, "बघा. समजा, हा थीटा. पाच अंश."

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने स्थिर राहिलो. पाचाचा आकडा पावसाने फिका पडला होता, पण होता. खडू पाचावर टेकला. हात थरथरला. खडू सरकला, दहा, पंधरा, आणि सरकत सरकत येऊन टुणकन बसला. त्याला घरचा रस्ता पाठ होता.

कोणी हसले नाही. बाईंनी खडू पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"चल ग घरी," त्या लेकीला म्हणाल्या.

नवा उतार करायला काटकोन त्याच दुपारी तयार होता. पण साडेआठ मीटर सरळ नेले तर फाटक बंद होत नव्हते, वळवून नेले तर अध्यक्षांनी लावलेले झाड मध्ये येत होते. झाडाविषयी निर्णय समिती घेते. समिती तीन महिन्यांनी बसते. परीक्षा दोन महिन्यांवर होती. हा हिशेब करायला कोनमापक लागत नाही. महिन्याभरात नवे सर आले. दोन ढांगांत पाच पायऱ्या चढून गेले. निळ्या पत्र्यावरून मधल्या सुट्टीत मुले घसरतात. मामा त्यांना ओरडत नाहीत. बाई खिडकीत आहेत, असे लेक सांगून गेली. छपराचे कोन मोजायचे मात्र त्यांनी सोडले आहे.

माझे म्हणाल तर माझे दिवस पालटले. काटकोनाने मला घरी नेऊन घासले, पॉलिश केले, एकेक आकडा नव्याने रंगवून घेतला. मला वाटले, आता खाच बुजेल. भुशाची पुडी त्याच्या फळीवरच होती. त्याने खाचेवरून बोट फिरवले, डोळे पुसले आणि म्हणाला, "ही राहू दे. बाईंची आठवण आहे." मग त्याने मला वर्गात जुन्याच खिळ्यावर टांगले आणि खाली पाटी लावली: बाईंचा कोनमापक.

तेव्हा मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. माझी फार काळजी घेतली जाते. माझी विनंती एवढीच, की कोणीतरी चिमूटभर भुसा आणि बोटभर सरस घेऊन यावे. दोन मिनिटांचे काम आहे. आणि तोवर निदान माझ्याकडे बघून 'कोणताही' म्हणू नये.

हे मी आज सांगतो आहे, कारण आज वीज गेली आहे. पडदा काळा आहे. सरांनी इकडेतिकडे पाहिले, कोपऱ्यात ठेवलेला जुना फळा पुढे ओढला आणि मला खिळ्यावरून काढले. "समजा, हा थीटा," ते म्हणाले. "थीटा म्हणजे कोणताही कोन." त्यांचा हात चांगला आहे, तरुण आहे, थरथरत नाही. तरी खडू आला आणि बसला. बेचाळीस वह्यांत बेचाळीस तीस उमटले.

आता मागच्या बाकावर एक हात वर झाला आहे.

"सर, परवा पडद्यावर होता तेव्हाही थीटा एवढाच होता. तो कायम एवढाच असतो का?"

पडद्याला तर खाच नाही, मित्रांनो. सर मला हातात धरून उभे आहेत. घंटेला अजून चार मिनिटे आहेत.